ड्रेसाजच्या अवघड चाली घोडा शिकतो कसा? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हांगझौच्या एशियन गेम्समध्ये २०२३ साली आपल्या टीमनं ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याकडनं ठरलेल्या चाली नीट करवून घ्यायच्या घोडेस्वारीच्या खेळाचं, गोल्ड आणलं तेव्हापासून आमच्याकडं घोडे बघायला येणाऱ्यांचे प्रश्नच बदललेत. आधी लोक विचारायचे किती पळतो, किती खातो, कितीला घेतला. आता विचारतात तो जागच्या जागी पाय कसा उचलतो, पळता पळता पाय कसा बदलतो, आणि हे त्याला शिकवलं कुणी. ऐकून लई बरं वाटतं. म्हणून जे प्रश्न सारखे येतात ते इथं एकत्र लिहिलेत, काही उत्तरं छोटी आहेत काही मोठी, जिथं सांगण्यासारखं जास्त आहे तिथं हात आखडता घेतलेला नाही.

आमच्याकडं वरातीत हलगीवर घोडा नाचतो, तेच ना हे?

कोल्हापुरात पहिला प्रश्न हाच येतो आणि प्रश्न चुकीचा नाही, कारण लांबनं बघितलं तर पियाफ, म्हणजे ड्रेसाजमधली जागेवरची दुडकी, आणि वरातीतला नाच सारखाच दिसतो, दोन्हीकडं घोडा जागेवर पाय उचलतोय. फरक बघायचा असेल तर पुढच्या पायांकडं बघू नका, मागं बघा. पियाफमध्ये घोडा पुठ्ठ्यावर, म्हणजे मागच्या भागावर, बसल्यासारखा खाली येतो, मागचे पाय पोटाखाली येतात, पाठ वर उचललेली असते आणि तोंड शांत असतं. वरातीतल्या बऱ्याच घोड्यांची मान ताठ वर, पाठ मधनं दबलेली, पुढचे पाय जोरात फेकलेले आणि मागचे पाय लांब मागं राहिलेले असतात. म्हणजे वजन पुढंच राहिलं आणि पाठीवर ताण आला.

दुसरा फरक शिकवण्यातला. काही ठिकाणी घोडा दोन्हीकडनं बांधून, पायावर काठी मारून नाचायला लावतात, आणि तोंडात काटेरी लगाम घालतात. काटेरी लगामावर आपल्या देशात १९६५ च्या नियमांनीच बंदी आहे, ओझं वाहणाऱ्या आणि गाडीच्या जनावरांसाठीचे ते नियम आहेत, तरी अजून बाजारात दिसतो. तो दिसला की मालकाला शांतपणे सांगा, भांडू नका, बऱ्याच जणांना खरंच माहीत नसतं. आणि एक गोष्ट आवर्जून सांगतो, आपल्याकडच्या जुन्या चाबुकस्वारांची नजर कमी लेखू नका, घोडा कुठल्या क्षणी पाय उचलणार हे त्यांना जे दिसतं ते शिकायला बाकीच्यांना वर्षं लागतात. ती नजर आणि मऊ हात एकत्र आले तर आपल्या भागात फार चांगलं काम होईल असं मला मनापासून वाटतं.

ह्या चाली घोड्याला मुळात येत असतात का, की आपण बाहेरनं घालतो?

मुळात येतात. मोकळ्या मैदानात सोडलेलं शिंगरू बघा, वळताना पळत पळतच पाय बदलतं, कुणी शिकवलेलं नसतं. घोडीचा वास आला की नर घोडा शेपटी वर करून हवेत तरंगत असल्यासारखा दुडकत जातो, तोच पसाज. अचानक थांबून गर्रकन फिरतो, त्यात पिरुएट, म्हणजे जागच्या जागची गिरकी, आहे.

मग शिकवायचं काय? तर तीच चाल सांगितल्यावर करायची, शांत डोक्यानं करायची आणि पाठीवर माणूस असताना करायची. ह्यातली तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. उभ्या घोड्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, त्यात आपण वर बसतो ते पण पुढच्याच बाजूला. शिवाय घोड्याला आपल्यासारखं गळपट्टीचं हाड नसतं, त्याची छाती दोन पुढच्या पायांच्या मध्ये फक्त स्नायूंनी लटकलेली असते. तो पुढनं उचलला जायचा तर ते स्नायू बळकट पाहिजेत आणि मागचे तिन्ही सांधे वाकवून वजन घ्यायची ताकद पाहिजे. सगळ्या अवघड चालींच्या मुळाशी एवढंच आहे, वजन मागं घेणं. ह्याला कलेक्शन म्हणतात.

मग नेमकं शिकतो कसा?

घोडा शब्दांपेक्षा अंगावरच्या दाबानं शिकतो. पोटाला स्वाराचा पाय लागला, घोडा पुढं गेला, पाय त्याच क्षणी सैल झाला. दाब ज्या क्षणी सुटतो त्या क्षणी आपण जे करत होतो तेच बरोबर, असं घोडा धरतो. त्यामुळं शिकवतो तो सुटलेला दाब. एक-दोन सेकंद उशीर झाला तर घोडा तोवर दुसरंच काहीतरी करत असतो आणि ते शिकून बसतो. पाय सारखा पोटाला मारत राहणारा स्वार घोड्याला काय शिकवतो, तर पायाकडं लक्ष द्यायचं नाही हे. मग लोक म्हणतात घोडा मठ्ठ आहे.

हळूहळू दाब कमी कमी करत नेतात. आधी पाय, मग नुसता पोटरीचा स्पर्श, मग नुसती बैठक किंचित बदलली तरी घोडा समजतो. त्याची किती बारीक नजर असते त्याचं जुनं उदाहरण आहे. १९०० नंतरच्या काही वर्षांत बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा होता, गणिताचं उत्तर खूर आपटून द्यायचा आणि लोक तोंडात बोट घालायचे. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट ह्यांनी शोधून काढलं की तो गणित करत नव्हता, बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं केसभर हलायचं ते बघून थांबत होता. काही जण ह्याला फसवणूक म्हणतात, मला तर घोड्याची खरी हुशारी त्यातच दिसते, कारण विचारणाऱ्याला स्वतःलाच माहीत नव्हतं आपण हलतोय.

बाकी गोष्टी थोडक्यात सांगतो. मोठी चाल एकदम मागायची नाही, तुकडे करायचे, आणि थोडं जरी बरोबर केलं तरी तिथं थांबून लगाम लांब सोडायचा, मानेवर खाजवायचं. मानेवर थोपटण्यापेक्षा खाजवलेलं घोड्याला जास्त आवडतं, ते एकमेकांना तसंच करतात. आणि रोज तेच घोकून घेण्यापेक्षा मध्ये दिवस सोडून केलेलं जास्त पक्कं बसतं. बऱ्याचदा आज न जमलेली गोष्ट दोन दिवस नुसतं रानात फिरवून आणल्यावर पहिल्याच झटक्यात जमते.

एवढं सगळं व्हायला किती वर्षं लागतात?

वरच्या लेव्हलपर्यंत पाच-सहा वर्षं तरी धरा, बऱ्याच घोड्यांना जास्त. कोल्हापूरकरांना समजावायला सोपं आहे, तालमीत पहिल्या महिन्यात पोराला कुणी खासबागच्या मैदानात उतरवत नाही, आधी जोर-बैठका, मग डाव, मग जोड. घोड्याचंही तसंच. साधारण चौथ्या वर्षी त्याच्यावर खोगीर पडतं, पण पाठीच्या मणक्यातली वाढ पूर्ण व्हायला साडेपाच-सहा वर्षं लागतात, त्याआधी जोर लावला तर घोडा आयुष्यभरासाठी पाठीतनं जातो. घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचाच नियम आहे की प्री सेंट जॉर्ज लेव्हलला घोडा किमान ७ वर्षांचा आणि सगळ्यात वरच्या ग्रां प्री लेव्हलला किमान ८ वर्षांचा पाहिजे. प्रत्यक्षात ग्रां प्रीचे मुरलेले घोडे दहा-बारा-पंधरा वर्षांचे असतात. कुणी पाच वर्षांचा घोडा पियाफ करतोय म्हणून विकायला आणला तर त्याची पाठ हातानं दाबून बघा, आणि शक्यतो घेऊ नका.

आधी पाया काय लागतो?

जर्मन लोकांनी सहा पायऱ्या सांगितल्यात आणि जगभर त्याच चालतात: ताल, मोकळेपणा, लगामाशी हलका संपर्क, मागनं येणारा जोर, सरळपणा, आणि शेवटी कलेक्शन. क्रम महत्त्वाचा. अवघड चालीत काहीही बिघडलं की उत्तर बहुतेक पहिल्या दोन पायऱ्यांत सापडतं. घोडा अंगातनं आखडलेला असताना शिकवलेली प्रत्येक चाल आखडूनच बसते, आणि नंतर ती मोकळी करणं नव्यानं शिकवण्यापेक्षा अवघड.

घोडा खेकड्यासारखा तिरका का चालवता?

व्यायाम म्हणून. शोल्डर इनमध्ये खांदे भिंतीपासनं साधारण ३० अंश आत येतात, घोडा तीन रेषांवर चालतो, आतला मागचा पाय पोटाखाली वजन घ्यायला शिकतो. अठराव्या शतकात फ्रान्सच्या ग्वेरिनिएर ह्यांनी हा व्यायाम बसवला आणि आजपर्यंत ह्याला पर्याय सापडलेला नाही. ट्रॅव्हर्समध्ये उलट, पुठ्ठा आत. आणि तेच भिंत सोडून मैदानाच्या तिरक्या रेषेवर केलं की झाला हाफ पास, घोडा जिकडं चाललाय तिकडंच वाकलेला आणि पायावर पाय टाकत पुढं आणि बाजूला एकदम जातोय.

शिकवताना कोपऱ्यातनं छोटा गोल करून आणायचा, गोलातला वाक तसाच ठेवून शोल्डर इनची चार-पाच पावलं, आणि सरळ सोडून द्यायचं. पुढं हाफ पासच्या आधी दोन पावलं शोल्डर इन घेतलं की खांदे पुढं राहतात. नवीन स्वार काय करतात तर आतला लगाम ओढून मान वाकवतात, घोडा मानेतनं वाकतो आणि बाहेरच्या खांद्यातनं निसटतो, बाहेरून बघणाऱ्याला तिरका दिसतो पण फायदा शून्य.

पळता पळता पाय बदलतो म्हणजे काय करतो?

कँटर म्हणजे मध्यम वेगाची पळण्याची चाल, तिची एक उडी तीन ठोक्यांची. उजव्या बाजूचा कँटर धरला तर आधी डावा मागचा पाय टेकतो, मग उजवा मागचा आणि डावा पुढचा एकदम, मग उजवा पुढचा, आणि त्यानंतर चारही पाय हवेत. त्या हवेतल्या क्षणात घोडा सगळी मांडणी उलटी करतो आणि डाव्या कँटरमध्ये उतरतो. हा फ्लाइंग चेंज. चारही पाय हवेत असतानाच्या क्षणात बदलायचं असल्यामुळं स्वारानं सांगायचं त्याच्या जरा आधी, पुढचा शेवटचा पाय टेकत असताना. तिथं उशीर झाला की पुढचे पाय बदलतात आणि मागचे एक उडी उशिरा. जज लगेच पकडतात.

तयारी लांबलचक आहे. आधी वॉकमधनं, म्हणजे साध्या चालण्यातनं, थेट कँटर आणि कँटरमधनं थेट वॉक, दोन्ही बाजूंनी, न धडपडता. मग काउंटर कँटर, म्हणजे डावीकडं वळताना मुद्दाम उजवा कँटर धरून ठेवायचा. हे शांतपणे जमायला लागलं की पहिला चेंज अशा जागी मागायचा जिथं घोड्याला स्वतःलाच बदलावंसं वाटतं, हाफ पास करून भिंतीला पोचताना किंवा तिरक्या रेषेच्या टोकाला. पहिल्यांदा बदलला की बहुतेक घोडे उसळतात, पुढं पळतात, एखादी लाथ पण झाडतात. तिथं लगाम खेचायचा नाही. त्याला वाटतं पाय बदलल्याची शिक्षा मिळाली, आणि पुढच्या वेळी आधीच घाबरून आखडतो. वॉकवर आणा, लगाम सोडा, कौतुक करा, त्या दिवसाचं काम संपलं.

एकेक चेंज पक्का झाला की मोजून सुरू होतं. प्री सेंट जॉर्जमध्ये दर चौथ्या आणि दर तिसऱ्या उडीला, वर जाता जाता ग्रां प्रीत दर दुसऱ्या उडीला सलग ९ आणि प्रत्येक उडीला सलग १५. प्रत्येक उडीचा चेंज हा घोड्याच्या डोक्यासाठी वेगळाच विषय आहे, तो जोडीनं शिकवतात, डावा-उजवा असे दोन लागोपाठ, मग मोकळा कँटर, परत उजवा-डावा. दोनाचे तीन व्हायला कधी कधी महिने जातात आणि मग एकदा कळलं की घोडा अचानक सात-आठ टाकतो आणि कान पुढं करून अजून मागतो. त्या दिवसाचा आनंद शब्दात सांगता येत नाही, नाद खुळा.

जागच्या जागी गिरकी कशी घेतो?

पिरुएटमध्ये पुढचा भाग मागच्या पायांभोवती फिरतो, पूर्ण फेरी ६ ते ८ उड्यांत, आणि मागचे पाय खुंट्यासारखे एका जागी रोवून चालत नाहीत, त्यांनी कँटरचा ठोका चालू ठेवायचा. शिकवताना गोलावर पुठ्ठा आत घेऊन गोल दोन-तीन उड्या लहान करायचा आणि लगेच मोठा. कधी चौकोन करून प्रत्येक कोपऱ्यात पाव फेरी. लहान गोलातनं बाहेर पडायला घोडा नेहमी तयार पाहिजे, अडकल्यासारखं वाटलं की तो गर्रकन स्वतःच फिरून मोकळा होतो. मागच्या सांध्यांवर फार वजन येतं म्हणून एका दिवसात थोडेच करायचे. जास्त लिहीत नाही, हे वाचून नाही तर बघून कळतं.

पियाफ आणि पसाज, हे सगळ्यात अवघड का मानतात?

कारण इथं काहीच लपत नाही. पियाफ म्हणजे दुडकी चाल जवळजवळ जागेवर. तिरप्या जोडीनं पाय उचलतात, उचललेल्या पुढच्या पायाचं टोक दुसऱ्या पायाच्या नळीच्या मध्यापर्यंत यायला पाहिजे, मागचा पाय त्यापेक्षा कमी, गामच्याच्या, म्हणजे खुराच्या वरच्या सांध्याच्या, जरा वर. ग्रां प्रीत एका वेळी १२ ते १५ पावलं. पसाज म्हणजे तीच ताकद पुढं जाताना, प्रत्येक पावलात घोडा हवेत थोडा रेंगाळतो.

पियाफ बहुतेक वेळा जमिनीवरनं सुरू करतात, वर कुणी न बसता. घोडा भिंतीकडेनं, शिकवणारा खांद्याजवळ, हातात लांब चाबूक, आणि तो मारायला नाही, मागच्या पायाला स्पर्श करून पायाची आठवण करून द्यायला. चाबकाला घाबरणारा घोडा ह्या कामाला घ्यायचाच नाही, आधी त्याच चाबकानं त्याचं सगळं अंग खाजवून भीती घालवायची. मग वॉकमधनं दोन-तीन आखूड दुडकीची पावलं मागायची, वीतभर पुढं सरकत, आणि लगेच शाबासकी. ह्यांना हाफ स्टेप म्हणतात. वीतभर पुढं सरकणं फार महत्त्वाचं. जागेवरच पाहिजे म्हणून घाई केली की घोडा मागं रेटायला लागतो, नाहीतर पुढचे पाय पोटाखाली घालून त्यांवर टेकतो, नाहीतर डावीकडं उजवीकडं डुलतो. ह्या तिन्ही खोड्या एकदा लागल्या की निघता निघत नाहीत. पुढं हलका स्वार नुसता बसतो आणि सांगतो खालचा माणूस, मग हळूहळू सांगायचं काम स्वाराकडं येतं, खालचा माणूस लांब जातो.

घोडा तापट असेल तर पियाफ लवकर सापडतो पण धीर नसतो, त्याला प्रत्येक दोन पावलांनी थांबायला शिकवावं लागतं. शांत घोड्याला उलट, आधी पायाला चटकन उत्तर द्यायला शिकवायचं. पसाज काही घोड्यांना उपजतच येतो, आणि तिथं सावध राहा, कारण पाठ ताठ करून लोंबकळत जाणं हेही पसाजसारखंच दिसतं आणि घोडा खरं काम टाळायला ते वापरतो. म्हणून पुढं मोकळी दुडकी मागितली की लगेच मिळते का हे सारखं तपासायचं. पियाफमधनं पसाज आणि पसाजमधनं पियाफ, हा सांधा ताल न तुटता जमणं हे माझ्या मते सगळ्यात वर. त्यात घोडा किती खरा तयार झालाय ते दिसतं.

वर बसलेला माणूस तर काहीच करत नाही, नुसता बसतो?

तसं दिसणं हेच त्याचं कौशल्य. मांड पक्की नसेल तर लगामाचा आधार घेतला जातो आणि तोल सांभाळायचा सगळा धक्का घोड्याच्या तोंडात जातो. चांगला स्वार कंबरेतनं घोड्याबरोबर हलतो आणि थांबवायचं तर ते हलणं क्षणभर आवरतो, ह्याला हाफ हॉल्ट म्हणतात, एका टेस्टमध्ये, म्हणजे स्पर्धेतल्या एका फेरीत, असे शेकडो होतात. म्हणून ज्यांना शिकायचंय त्यांना पहिले महिने लांब दोरीवर, लगामाशिवाय, रिकिबीशिवाय बसवतात. पोरं कंटाळतात. पण ह्याला दुसरा रस्ता नाही.

घोडा म्युझिकच्या तालावर चालतो का?

नाही, म्युझिक घोड्याच्या तालावर बसवतात. आधी घोड्याच्या प्रत्येक चालीचा वेग मोजायचा, मग त्याला जुळणारं संगीत जोडायचं. फ्रीस्टाइलमध्ये हे असतं. २०१४ मध्ये लंडनला वॅलेग्रो नावाच्या घोड्यानं फ्रीस्टाइलला ९४.३०० टक्के मिळवले, त्याचं व्हिडिओ मिळालं तर आवाज बंद करून एकदा नक्की बघा, ताल तरीही ऐकू येतो असं वाटतं.

तोंडात दोन दोन लगाम, टाचेला आरी, हा छळ नाही का?

होऊ शकतो, आणि झालेला पण आहे. दुहेरी लगाम मऊ हातात असेल तर बारीक बोलण्यासाठी आहे, कडक हातात असेल तर हत्यार आहे. घोड्याची हनुवटी छातीला जबरदस्तीनं ओढून धरायची पद्धत होती, तिच्यावर २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेनं बंदी आणली. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकच्या तोंडावर वॅलेग्रोचीच स्वार शार्लट दुजार्डिन हिचा शिकवताना घोड्याच्या पायांवर वारंवार चाबूक मारतानाचा व्हिडिओ आला, तिनं माघार घेतली आणि नंतर एक वर्षाची बंदी झाली. एवढ्या मोठ्या नावाचं हे ऐकून फार वाईट वाटलं. पण बंदी झाली हे बरोबरच झालं.

तुम्ही बघताना काय बघायचं ते सांगतो. शेपूट सारखी फटकारतोय, दात खातोय, तोंड उघडं, कान मागं चिकटलेले, डोळ्याचा पांढरा भाग दिसतोय, तर चाल कितीही उंच असली तरी घोडा त्रासात आहे. नाकावरच्या पट्ट्याखाली दोन बोटं आरामात गेली पाहिजेत. नाक कपाळातनं खाली येणाऱ्या उभ्या रेषेच्या किंचित पुढं पाहिजे, मागं नको.

मार्क कसे देतात?

मैदान २० बाय ६० मीटर, कडेला अक्षरं, प्रत्येक चालीला ० ते १०, अर्धे मार्क चालतात, काही चालींचे दुप्पट धरतात, शेवटी टक्के. ७० च्या वर गेलं की चांगलं काम. हांगझौला अनुष अगरवालानं सिंगलमध्ये ७३.०३० घेऊन ब्राँझ पण आणलं, आणि पुढं २०२४ ला तो ऑलिम्पिकमध्ये ड्रेसाज करणारा पहिला भारतीय झाला. साध्या वॉकलाही मार्क असतात, आणि घाईत ट्रेनिंग झालेल्या घोड्याचा वॉक सगळ्यात आधी बिघडतो, म्हणून मी टेस्ट बघताना आधी वॉकच बघतो.

आपला मारवाडी किंवा काठियावाडी घोडा हे करू शकेल?

खालच्या आणि मधल्या लेव्हलपर्यंत आरामात, आणि कलेक्शनची आवड त्यांच्यात असतेच. अडचण दोन ठिकाणी येते. एक म्हणजे बऱ्याच मारवाडी घोड्यांना रवाल चाल असते, बसायला गादीसारखी, पण ड्रेसाजला तिरप्या जोडीची स्वच्छ दुडकी लागते. दुसरं, लांब ढांगेची एक्स्टेंडेड चाल, तिथं युरोपातले हॅनोवेरियन, ओल्डनबर्ग, डच घोडे पुढं जातात कारण त्यांची पैदासच त्यासाठी झालीय. पण मेडल सोडा, घोडा सुदृढ राहावा म्हणून शोल्डर इन आणि मऊ लगाम सगळ्यांच्या कामाचा आहे, वरातीच्या घोड्याच्या सुद्धा.

मुलींना हे जमतं का?

हा प्रश्न आईवडील विचारतात म्हणून लिहितोय. ऑलिम्पिकमध्ये घोडेस्वारीत बायका आणि पुरुष एकाच स्पर्धेत उतरतात. १९५२ पर्यंत ड्रेसाज फक्त लष्करी अधिकाऱ्यांसाठी होतं, त्या वर्षी हेलसिंकीला दार उघडलं आणि डेन्मार्कच्या लिस हार्टेल ह्यांनी लगेच सिल्व्हर घेतलं, पोलिओनं गुडघ्याखाली पायात ताकद नव्हती, घोड्यावर चढवायला माणूस लागायचा. आपल्या गोल्डच्या टीममध्ये सुदीप्ती हजेला आणि दिव्यकृती सिंग होत्या, अनुष आणि हृदय छेडा ह्यांच्या बरोबरीनं. पाठवा बिनधास्त.

घोड्याला गूळ चारला तर चालतो का?

कोल्हापुरात गूळ नाही चारायचा तर काय चारायचं, पण सुपारीएवढा खडा, तोही काम चांगलं झाल्यावर आणि सपाट हातावरनं. जास्त साखरेनं खुरांच्या आत सूज येते आणि घोडा कायमचा लंगडू शकतो. गाजर बरं.

आपल्या पावसात कसं जमतं?

जून ते सप्टेंबर काळ्या मातीत कँटर करायचाच नाही, चिखलात नस ताणली तर वर्ष जातं. वाळूचं मैदान आणि खाली पाण्याला निचरा असेल तर पाऊस उघडला की तासाभरात काम होतं. नसेल तर शेडमध्ये हातानं काम, हाफ स्टेप, वॉकमधलं शोल्डर इन. खूर ओले राहून कुजतात, ते रोज साफ करून कोरडे करायचे, आणि नालबंदाला पावसाळ्यात लांबवू नका.

बघायला यायचं असेल तर काय पाळायचं?

सकाळी लवकर या, ऊन चढलं की काम बंद असतं. मैदानाच्या कडेला पळू नका, छत्री फटकन उघडू नका, फोटो काढा पण फ्लॅश बंद ठेवून. घोड्याच्या बरोबर मागं आणि नाकासमोर त्याला दिसत नाही, म्हणून खांद्याच्या बाजूनं, आवाज देत जवळ या. मोतद्दाराला विचारल्याशिवाय काही चारू नका, आणि काम चालू असताना स्वाराला हाक मारू नका, प्रश्न काढून ठेवा, घोडा चालवून थंड केला, खोगीर उतरलं, खरारा सुरू झाला की मग निवांत विचारा.